चक्कीवरचा टक्या

हां हां, हात मागे घ्या! हिरवं बटण दाबायच्या आधी माझे दोन शब्द ऐकून घ्या. चक्कीवर येणारा प्रत्येक जण मोटरीकडे पाहतो, पट्ट्याकडे पाहतो, स्वतःच्या पिठाच्या डब्याकडे तर डोळे फाडून पाहतो. भिंतीवरच्या या काळ्या डबीकडे मात्र कोणाचं लक्ष नाही. त्या डबीतून मी बोलतोय. नाव टक्या. काम एकच: मोटर फार तापली की तिची वीज तोडायची. मला बोलताही एकच शब्द येतो, टक्. पण तो अशी वेळ साधून बोलतो की भल्याभल्यांची बोलती बंद!

माझं शिक्षण विचाराल तर अर्धवटच. थंड म्हणजे काय आणि गरम म्हणजे काय, एवढे दोन धडे मला मिळाले. पुढची पुस्तकं कोणी आणून दिली नाहीत. पण नागपुरात राहायला याहून जास्त शिकून करायचं तरी काय? इथे वर्षातला बराच काळ दुसराच धडा चालू असतो.

माझ्या पोटात एक पट्टी आहे. दिसायला एक, पण खरं म्हणजे दोन. दोन वेगळ्या धातूंच्या, पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या. ऊब लागली की एक भराभर लांबते आणि दुसरी म्हणते, मी नाही जा! आता चिकटलेल्या जोडीत एक लांबली आणि दुसरी हट्टाला पेटली तर काय होईल? दोघी वाकतात. त्या वाकल्या की माझी बाहेर आलेली लहानशी जीभ खाली पडते आणि वीज तुटते. पुन्हा निवल्या की सरळ. तुमच्यात असं भांडण झालं की पंचायत बसते, चार पाहुणे जेवून जातात, तरी कोणी सरळ होत नाही.

पुण्याकडच्या एका कारखान्यात मी जन्मलो. बाळाला लोक घुटी देतात, मला चटका दिला. तापवलं, पाहिलं, आणि पांढऱ्या कोटातला माणूस म्हणाला, "वाकला! पास!" आयुष्यात मी पास झालो ती एवढीच परीक्षा. तीही वाकून.

तिथून आगगाडीने नागपूर. माझे पहिले मालक लकडगंजचे गोपाळराव. त्यांची आरा मशीन होती. सागवानाचा हा एवढा ओंडका घाईघाईने करवतीत सारायचा, मोटर कण्हायची, आणि मी म्हणायचो, टक्. गोपाळराव आभाळाकडे पाहून वीज मंडळाच्या सात पिढ्या काढायचे. "गेली लाइन! यांच्या तर..." शेजारच्या दुकानातला पंखा गरगर फिरत असायचा, तरी यांची लाइन गेलेली! मला इतकं हसू यायचं की निवायला उशीर व्हायचा.

एक दिवस त्यांना कोणीतरी सांगितलं की लाइन जात नाही, ही डबी तोडते. झालं! मला उपटलं आणि गंजक्या पात्यांच्या खणात फेकलं. एवढाले ओंडके चिरणारा माणूस, पण एका 'टक्'ला भ्याला. त्या खणात पालीने माझ्या अंगावर अंडी घातली. मी ऊब दिली. उपकार कोणी मानला नाही, पण पिल्लं मात्र झकास निघाली.

खणातून मला बाहेर काढलं ते नत्थू मिस्त्रीने. नत्थू वायरमन होता. खिशाला टेस्टर असा लावायचा की वाटावं कलेक्टरचा पेन आहे. त्याने मला फुंकर मारली, दोन शिव्या दिल्या, आणि बळीरामच्या चक्कीवर आणून ठोकलं.

बळीराम आणि त्याची बायको प्रेमिला. आता यांच्याबद्दल मी चेष्टा कमी करीन, पण अगदीच सोडणार नाही. बळीराम कापडगिरणीत राबलेला माणूस. छप्पन साली दोघांनी दीक्षा घेतली, तेव्हा प्रेमिला नवी नवरी होती. घरी परतताना बळीराम तिला म्हणाला होता म्हणे, "दुसऱ्याच्या मशीनवर राबाचं तेवढं राबू, पण एक मशीन आपलं पाह्यजे." त्याला वीसेक वर्षं लागली. गिरणी सोडली, हाती आलं ते सगळं या मोटरीत आणि दगडांत घातलं, आणि वस्तीच्या तोंडाशी चक्की उभी केली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मी. वर सगळी शांतता आणि खाली हा खोडकर.

एका बाजूला यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला प्लॉट पाडून बांधलेल्या घरांचं नवं लेआउट. लेआउटमधल्या बायकाही दळण घेऊन यायच्या. प्रेमिला माठातलं पाणी पुढे करायची, तर म्हणायच्या, "नको नको, आत्ताच पिऊन आले." बाहेर रस्त्याचं डांबर पाघळतंय, बाईची जीभ टाळूला चिकटलीय, आणि म्हणे आत्ताच पिऊन आले! पीठ मात्र चालायचं. पीठ कोरडं ना! कोरड्याला विटाळ नाही, असा कुठल्यातरी हुशार माणसाने शोध लावून ठेवलाय. मी अर्धवट शिकलेला बरा.

प्रेमिला हसून माठावर झाकण ठेवायची. राग गिळायची नाही आणि दाखवायचीही नाही, नुसती पाहायची. समोरची बाई मग उगीचच पदर सारखा करायची. मला 'टक्या' हे नाव तिनेच दिलं. मी जीभ टाकली की म्हणायची, "काहून गा टक्या, रुसला का?" आणि मी निवेपर्यंत दम धरून मगच बटण दाबायची. माझ्या आयुष्यात माझ्या निवण्याची वाट पाहणारं हे पहिलं माणूस.

तर त्या उन्हाळ्याची गोष्ट. कोराडीचं वीजकेंद्र नुकतंच सुरू झालं होतं. तिकडून राखेत खेळून वीज अशी धावत यायची, जशी माहेराला निघालेली पोर. लग्नसराई जोरात होती. सोजीचा बारीक रवा, शेवयांचं पीठ, काडीवर वळायच्या सरगुंड्यांचं पीठ, सगळ्यांना सगळं आजच पाहिजे. आणि अशात चक्कीवर अवतरल्या यमुताई.

यमुताई मूळच्या जुन्या नागपूरच्या महाल भागातल्या. घराणं भोसल्यांच्या काळापासूनचं. हे त्या स्वतःच सांगायच्या, कोणी विचारायच्या आधी. मुलगा कारकून, त्याने लेआउटमध्ये घर बांधलं म्हणून इकडे आलेल्या. कमरेला तपकिरीची डबी. रांगेतल्या बायकांचा गहू त्यांनी मुठीत घेऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, असा ठणठणीत कोरडा गहू दळतात का सोजीला? आधी ओलवावा, फडक्यात बांधून ठेवावा, मग दळावा. आम्ही महालात असंच करतो. सोजी कशी मोत्यासारखी येते!"

झालं. महालाचा शब्द! दुसऱ्या दिवसापासून सगळ्या रांगेचा गहू ओला.

आता यमुताई खोटं बोलत नव्हत्या हं. पण त्यांची अक्कल जात्यावरची. जातं हाताने फिरतं, गप्पा मारत, ओव्या म्हणत, गार. विजेच्या चक्कीचे दगड गरगर फिरून तापतात. ओला गहू त्यांच्यात गेला की त्याची कणीक होते, कणकेची खळ होते, ती दगडांना चिकटते. दगड अडले की मोटरीला जोर, जोर लागला की ताप, आणि ताप आला की मी. टक्!

"झालं! पुन्हा बंद पडली," रांगेतून आवाज.

"बळीरामभाऊ, नवरदेव बोहल्यावर चढून राह्यला अन् माही सोजी तुमच्या चक्कीत अडकून राह्यली!"

"मंग नवरदेवाले इकडंच पाठव ना वं, पट्टा ओढाले कामी येईन!"

हसायच्या सगळ्या, पण दर 'टक्'ला रांगेतून एखादी बाई डबा उचलून निघायची. चौकात चंपतरावाची चक्की होती. त्याच्या मोटरीला माझ्यासारखं कोणी नव्हतं. चंपतराव रस्त्यावर उभा राहून मोठ्याने सांगायचा, "आपली चक्की थांबत नाही!" तसं तर त्याचं तोंडही थांबत नव्हतं.

बळीरामचा जीव कासावीस झाला. गिरणीतली नोकरी तर सुटलेली. हा उन्हाळा गेला आणि गिऱ्हाईक चौकाकडे वळलं, तर ते परत येणार नव्हतं. त्याने पट्टा ताणला, तेल घातलं, मला उघडून बंद केलं. मी तरी काय सांगणार? एकच शब्द येतो!

त्याने नत्थूला बोलावलं. नत्थूने टेस्टर काढला, डोळे बारीक केले आणि निदान केलं, "भाऊ, मोटर एकदम टकाटक हाय. हा डबीवाला नाटक करते. याचं थोबाड बांधून टाका."

प्रेमिला म्हणाली, "अवो, थांबा ना. तो काही सांगत असन."

"सांगत असन त माणसावानी सांगावं!" बळीराम उखडला. "नुसतं टक् टक्! काय समजावं माणसानं?"

नत्थूने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि माझी जीभ वर करून करकचून बांधली. त्याच्या एक ध्यानात आलं नाही, की मोटर बंद करायचं लाल बटणही माझ्या जिभेवरच दाब देतं. जीभ बांधली म्हणजे तेही मुकं. आणि मी काय म्हणून सांगणार? तोंडच बांधलेलं!

मग काय, चक्की चालली हो! थांबेचना. रांग लांबली, बळीराम शीळ घालायला लागला. रात्री तो नेहमीसारखा मागच्या भिंतीवरचा मेन स्विच पाडून जायचा, म्हणून लाल बटण मुकं झाल्याचं कोणाला कळलंच नाही. प्रेमिलाचं मन मात्र लागेना. येता-जाता ट्यूबकडे पाहायची आणि पुन्हा कामाला लागायची. रोज ओला गहू यायचा, दगडांवर रोज एक पापुद्रा चढायचा. पलीकडून मोटर मला म्हणायची, "टक्या, भाजून राह्यली रे मी." माझी पट्टी वाकून कमान झाली होती. मी आयुष्यभर लोकांची मजा पाहिली, पण त्या दिवसांत मला एकही विनोद सुचला नाही.

आणि आला तिखटाचा दिवस.

तिखटाचा दिवस म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मिरचीनंतर कोणी आपला गहू दळू देत नाही, म्हणून सगळ्यांची मिरची एकाच दिवशी. नाकाला पदर, डोक्याला फडकं, जणू दरोडेखोरांची टोळीच जमलेली. बळीराम शिंकतोय, प्रेमिला शिंकतेय, रस्त्यावरचं कुत्रं शिंकून पळून गेलं. भिवापुरी मिरची कोणाची ओळख ठेवत नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट घातकी. मोटरीच्या तारांवरचं वार्निश तापून त्याचा वास सुटला होता, पण बांधलेल्या नाकांना तो येईल कसा? धूर निघत होता, पण डोळ्यांतून पाणी वाहत असताना दिसेल कसा? वरून मिरचीचं तेल, खाली खळीने गुळगुळीत झालेले दगड. मोटर हंबरत होती. मला सगळं कळत होतं आणि माझी जीभ ट्यूबमध्ये.

त्या सगळ्या शिंकाशिंकीत एकच बाई निवांत बसली होती. यमुताई. तपकीर ओढून ओढून त्यांचं नाक कधीचंच निर्ढावलेलं. "तुमची ती मिरची माझ्या तपकिरीपुढे पोरगी आहे," म्हणत त्या मोटरीजवळच्या पोत्यावर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दळायला ओल्या गव्हाचा डबाही नंबराला लावून ठेवलेला. आपल्या मिरचीची पाळी आली तशा उठायला गेल्या आणि आधार म्हणून मोटरीवर तळवा टेकवला.

"आई गं! मेले!" सगळी चक्की दचकली. "प्रेमिला, ही मोटर आहे की तवा?"

प्रेमिलाने उलटा हात मोटरीजवळ नेला आणि झटक्यात मागे घेतला. "बंद करा! बंद करा अवो!"

बळीरामने लाल बटण दाबलं. दाबलं जाईना! तो मागच्या भिंतीवरच्या मेन स्विचकडे धावला, तर डोळे मिरचीने मिटलेले. पायाखाली कोणाचा तरी डबा आला आणि गडी पोत्यांवर पालथा. धूर आता खरोखरचा धूर झाला होता. बायका बाहेर पळाल्या.

पळाली नाही ती प्रेमिला. तिने पोत्याची सुतळी कापायची सुरी उचलली, एका हाताने डोळे पुसले, आणि थेट माझ्यापाशी आली. "बोल गा टक्या," म्हणाली, आणि ट्यूबवर सुरी ओढली.

टक्!

असा टक् मी त्याआधी कधी बोललो नव्हतो आणि नंतरही नाही. मोटर सुस्कारा टाकून मंद झाली, पट्टा थरथरला, दगड घरघरत थांबले. सगळं गप्प झालं तेव्हा कळलं, की इतके दिवस सगळे किती ओरडून बोलत होते.

यमुताई हात झाडत उभ्या होत्या. प्रेमिलाने माठातून तांब्या भरला आणि त्यांच्या लाल झालेल्या तळव्यावर धार धरली. यमुताईंनी डोळे मिटले. जरा वेळाने एक डोळा उघडून म्हणाल्या, "हातावरच ओतून राहिलीस का? घसा कोण भिजवेल? जळतोय मेला."

दारातून डोकावणाऱ्या लेआउटच्या बायका जागच्या जागी थिजल्या. प्रेमिला म्हणाली, "आत्ताच पिऊन आल्या असान ना, यमुताई?"

"जास्त बोलू नकोस. आण इकडे."

आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला. घटघट. नुसत्या दाराकडे बघत, जणू विचारत होत्या, बोला, कोणाला काय म्हणायचंय?  सगळ्याच शिंकत होत्या.

दुपारी दगड उघडले. आत खळीचे पापुद्रे, भाकरीसारखे, वर मिरचीचा लाल लेप. प्रेमिलाने एक पापुद्रा नखाने उचलून पाहिला आणि मग रांगेतल्या डब्यात हात घातला. ओला गहू. दुसऱ्यात घातला. ओला. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, माझा एक शब्द तिला त्या क्षणी पुरता कळला.

"माझंच तोंड वाजलं," यमुताई हळूच म्हणाल्या. "जात्याची अक्कल मी तुझ्या चक्कीला शिकवली."

आता कोणीही म्हणालं असतं, असू द्या यमुताई, तुमचं काय. एवढी बाई, आत्ता आपल्या हातचं पाणी प्यालेली! प्रेमिलाने तसं केलं नाही. तिने त्यांचा डबा उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

"हा घेऊन जा. वाळवून आणा. ओलं दळण आजपासून मी घेत नाही. कोणाचंच."

बळीरामचा चेहरा पडला. यमुताईंनी डबा कमरेवर घेतला आणि तडक चौकाच्या दिशेने चालू लागल्या. त्यांच्यामागे बाकीच्या बायकाही आपापले डबे घेऊन निघाल्या. चौकात कोणाची चक्की आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

"गेलं," बळीराम मटकन बसला. "मोटर गेली, गिऱ्हाईकबी गेलं. काहून बोलली असं?"

"मोटर जळली असती त कोणाचं दळलं असतं?" प्रेमिला म्हणाली. "तुमच्या आयुष्याचं मशीन हाय ते. टक्याचं तोंड बांधलं तसं माहं बांधता का?"

बळीराम उठला. त्याने छिन्नी घेतली आणि दगडांना टाकी लावायला बसला. प्रेमिला समोर बसून पापुद्रे खरवडत राहिली.

सकाळी मोटर सुरू करायची वेळ आली तेव्हा बळीराम हिरव्या बटणाला हात लावेना. प्रेमिलाने लावला. मोटर कुरकुरली, खोकली, आणि चालायला लागली! आवाज जरा घोगरा झाला होता, पण जिवंत होती. नवरा-बायको एकमेकांकडे पाहून हसले. मी जीभ घट्ट धरून बसलो.

पण दळायचं कोणाचं? दार मोकळं. रस्ता मोकळा. ऊन चढायला लागलं. बळीराम दहा वेळा दारात जाऊन आला.

आणि मग चौकातूनच पुढे लेआउटला जाणाऱ्या वळणावर यमुताई दिसल्या. हाताला हळदीची पट्टी, कमरेवर डबा. मागे सगळी रांग.

"काल दुपारपासून अंधार पडेपर्यंत गच्चीवर बसून राखला," त्या म्हणाल्या. "कबुतरं काय, चिमण्या काय! घाल हात. पाहा. आता ओला म्हणालीस तर बघ."

प्रेमिलाने डब्यात हात घातला, गहू मुठीतून खळखळ सोडला. "आता हाय बरोबर."

"आणि सोजी मोत्यासारखी आली नाही, तर सांगून ठेवते!"

"मोत्यावानी नाही आली त त्या टक्याले बोला," प्रेमिला म्हणाली आणि हिरवं बटण दाबलं.

नत्थू दुपारी आला, सगळं ऐकलं, टेस्टर सारखा केला आणि म्हणाला, "मी म्हटलंच होतं, डबी चांगली हाय." बळीरामने त्याला पायलीभर तिखटाचा फुफाटा झाडायला लावला. पुढच्याच आठवड्यात चंपतरावाने नत्थूला गुपचूप गाठून विचारलं, "तसली डबी आणखी एखादी भेटते का गा?"

आता माझं वय झालं. माझी पट्टी थकली आहे. वाकते, पण सरळ व्हायला वेळ लावते. बळीराम आणि प्रेमिलाने हुडकेश्वरला मोठी चक्की टाकली तेव्हा माझ्या जागी नवा स्टार्टर आला, चकचकीत, निळ्या रंगाचा, फार शिकलेला. तो माझ्याकडे वरून खाली पाहतो. मी त्याला रोज म्हणतो, बाळा, पहिला तिखटाचा दिवस येऊ दे, मग बोलू. मला भंगारात द्यायला नत्थू दोनदा आला आणि दोनदा प्रेमिलाने त्याला चहा पाजून परत पाठवला. मी तिच्या बसायच्या जागेमागे खिळ्याला लटकलो आहे, विजेची तार नाही, काम नाही. नुसता बसून गिऱ्हाइकांची टर उडवतो. ते कोणाला ऐकू जात नाही म्हणून बरं आहे.

म्हातारपणी मोह होतो उपदेश करायचा, तेवढा एक करू द्या. मी पुष्कळ माणसं पाहिली. हुशार पाहिली, बडबडी पाहिली. पण मी मानतो ते प्रेमिलाला. जो मध्येच थांबवतो त्याचा सगळ्यांना राग येतो. तिला माझा राग आला नाही. तिला प्रश्न पडला.

तुमच्याही घरात असा कोणीतरी असेल. ऐन घाईत, ऐन रांगेत टक् करून सगळं बंद पाडणारा. चार शब्दांत समजावून सांगता येत नाही त्याला. त्याचं थोबाड बांधायच्या आधी मोटरीला एकदा हात लावून पाहा.

उलटा हात लावा हं. तळवा टेकवाल तर यमुताईंना विचारा, हळदीची पट्टी किती दिवस बांधावी लागते ते.